बरं हाय

त्या कॉलला आता दीड महिना होऊन गेला तरी ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीयेत. मी मेडिकल दुभाषी आहे, म्हणजे घरीच हेडसेट लावून बसते, अमेरिकेत कुठेतरी एखाद्या दवाखान्यात इंग्रजी न येणारं मराठी माणूस आलं की तिथून फोन लागतो आणि मी मधे बसून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करते. त्या दिवशी एक मावशी होत्या, लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या, येऊन पाच महिने झालेले (तपशील थोडे बदललेत, कामाचा नियमच आहे तसा). झोप लागत नाही म्हणून लेकीने दाखवायला आणलं होतं. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, घाई नव्हती त्यांच्या बोलण्यात, गोळ्या, बीपी, जेवण सगळं विचारून झाल्यावर शेवटी त्यांनी विचारलं, इथे तुम्हाला कसं वाटतंय? मी मराठीत विचारलं. मावशी जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "बरं हाय." परत थोडं थांबून, "खायला-प्यायला हाय, काय कमी न्हाई." मी ते इंग्रजीत सांगितलं, शब्द न शब्द बरोबर सांगितलं. पलीकडून कीबोर्डचा टकटक आवाज आला आणि डॉक्टर लिहिता लिहिता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, पेशंट समाधानी आहे.

भाषांतर चुकलं नव्हतं. तरी रात्री मला झोप नाही.

कारण ते "बरं" मी ऐकलं होतं ना. आपल्याकडे "बरं आहे" म्हणताना "बरं"वर आवाज जरा खाली गेला की त्याचा अर्थ पूर्ण बदलतो, हे कुणी शिकवावं लागत नाही, घरात आईने फोनवर नुसतं "हं, बरंय" म्हटलं तरी आपण विचारतो काय झालं गं. पण तो खाली गेलेला आवाज इंग्रजीत कुठल्या शब्दात घालायचा? आणि रात्री दोन वाजता किचनमधे पाणी पीत उभी असताना मला एकदम मेरिवेदर लुईसच्या, म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळत पॅसिफिकपर्यंत गेलेल्या त्या माणसाच्या, डायरीतलं ते वाक्य आठवलं आणि अंगावर काटा आला, कारण मावशी जे बोलल्या जवळपास तेच दोनशे वर्षांपूर्वी त्याने एका बाईबद्दल लिहून ठेवलंय. तारीख २८ जुलै १८०५. त्याने लिहिलंय की हिच्यात दुःखाची किंवा आनंदाची भावना काही मला दिसत नाही, पोटभर खायला आणि अंगावर घालायला चार मणी-बिणी मिळाले की ही कुठेही समाधानात राहील असं मला वाटतं.

ही बाई म्हणजे साकागाविया. आम्ही पोर्टलंडजवळ राहतो, इथे वॉशिंग्टन पार्कमधे तिचा ब्रॉन्झचा पुतळा आहे, १९०५ सालचा, पाठीवर बाळ आणि एक हात लांब पुढे केलेला. आल्या आल्या पहिल्या उन्हाळ्यात बघितला होता आणि त्या लांब केलेल्या हातामुळे मीही सगळ्यांसारखीच समजत होते की ही वाटाडी, हिने लुईस आणि त्याचा जोडीदार क्लार्क यांच्या पलटणीला डोंगरदऱ्यांतून बोट दाखवत पॅसिफिकपर्यंत नेलं. नंतर वाचायला लागल्यावर कळलं की बहुतेक वाट तिच्याही ओळखीची नव्हती. तिला बरोबर घेतलं ते तिच्या भाषेसाठी. तिला शोशोनी, म्हणजे तिच्या जमातीची भाषा येत होती, आणि पुढे डोंगर ओलांडायला जे घोडे लागणार होते ते शोशोनींकडेच होते. म्हणजे ती दुभाषी होती. माझ्याच धंद्यातली. हे कळल्यावर मला पुतळ्यातल्या त्या हातापेक्षा तिचं तोंड जास्त दिसायला लागलं.

आता तो २८ जुलै कुठला दिवस होता ते बघा. मिसूरी नदी जिथे तीन नद्या मिळून तयार होते तिथे, आजच्या मोंटानात थ्री फोर्क्स म्हणतात त्या जागेवर त्यांचा मुक्काम पडला होता. पाच वर्षांपूर्वी नेमका तिथेच तिच्या लोकांचा तळ असताना हिदात्सा नावाच्या दुसऱ्या जमातीची धाड आली होती. बायका-पुरुष मारले गेले, पोरं मारली गेली, आणि ती, तेव्हा बारा-एक वर्षांची, नदीतल्या उथळ पाण्यातून पळून जाताना पकडली गेली. तिथून शेकडो मैल पूर्वेला, आताच्या नॉर्थ डकोटातल्या नाइफ नदीकाठच्या गावात नेली. पुढे तुसाँ शार्बोनो नावाच्या फ्रेंच कॅनेडियन व्यापाऱ्याने तिला बायको म्हणून घेतली, विकत म्हणा नाहीतर जुगारात जिंकून म्हणा, दोन्ही सांगतात. पलटणीबरोबर पुढे जाताना दोन दिवसांनी तिने ती पाण्यातली जागाही दाखवली, की इथे मला धरलं. डोळ्यासमोर आणून बघा, नदी तीच, पाणी घोट्याएवढंच असेल, पाठीवर साडेपाच महिन्यांचं पोर, आणि ती सांगतेय की इथे. आणि ऐकणाऱ्याने लिहिलंय, भावना दिसत नाही.

पण ती बोलली कोणत्या भाषेत हो? लुईसला इंग्रजी. शार्बोनोला इंग्रजी येत नव्हती, त्याला फ्रेंच आणि हिदात्सा, तीही मोडकीतोडकी. म्हणजे ती हिदात्सात, पळवून नेणाऱ्यांच्या भाषेत, नवऱ्याला सांगणार, नवरा फ्रेंचमधे तिसऱ्याला सांगणार आणि तो तिसरा लुईसला इंग्रजीत. दोन माणसं ओलांडून जे पोचतं ते किती उरतं हे मला विचारा. मी एकटी मधे असते तरी "बरं हाय"चं समाधान होतं. आणि यात मधला माणूस कोण, तर नवरा, ज्याने त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तिच्यावर हात उचलला आणि क्लार्कने त्याला झापलं अशी नोंद आहे. आमच्याकडे ट्रेनिंगमधे पहिल्याच दिवशी सांगतात की घरच्या माणसाला दुभाषी करायचं नाही, विशेषतः नवऱ्याला नाहीच, कारण बाई त्याच्यासमोर बोलणार नाही आणि बोलली तरी तो सगळं सांगणार नाही.

त्याच्या आधी जूनमधे ती इतकी आजारी पडली होती की वाचेल असं वाटत नव्हतं. ग्रेट फॉल्सच्या खाली मुक्काम होता. ताप, ओटीपोटात दुखणं, क्लार्कने दोन-तीनदा रक्त काढलं, त्या काळी तोच उपाय होता. लुईसने मग जवळच्या गंधकाच्या झऱ्याचं पाणी आणवलं आणि ते पाजलं, आणि तिला उतार पडला. काळजी खरी होती त्याची, मी नाही म्हणत नाही, लहान पोर अंगावर होतं तिच्या त्याचीही काळजी त्याने लिहिलीय. पण त्याच नोंदीत हेही आहे की शोशोनींशी घोड्यांची बोलणी करायला आपल्याला हिच्याशिवाय दुसरा आधार नाही. हे वाचताना मी सारखी एकाच गोष्टीवर अडकते. ओटीपोटात कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून, हे त्या सतरा वर्षांच्या पोरीने शार्बोनोतर्फे सांगितलं. मी रोज अशा कॉलवर असते. बायका नवरा खोलीत असला की "पोटात" म्हणतात, नवरा बाहेर गेला की सांगतात खरं कुठे.

आणि बाळंतपण म्हणाल तर तेही त्याच्या आधीच्या हिवाळ्यात झालेलं. ११ फेब्रुवारी १८०५, फोर्ट मँडन, म्हणजे पलटणीचा हिवाळ्यातला तळ, नॉर्थ डकोटातली थंडी म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना विचारा. पहिलटकरीण, कळा थांबेनात. कोणीतरी म्हणालं रॅटलस्नेकच्या शेपटीच्या खुळखुळ्याचा चुरा पाण्यातून दिला की सुटका होते, लुईसकडे तो होता, त्याच्या दोन कड्यांचा हाताने चुरा करून दिला आणि दहा मिनिटांत मुलगा झाला. लुईस स्वतः लिहितो की औषधानेच झालं का ते मी सांगू शकत नाही. मुलाचं नाव जाँ बाप्टिस्ट, क्लार्क त्याला लाडाने पॉम्प म्हणायचा. ७ एप्रिलला पलटण निघाली, म्हणजे पंचावन्न दिवसांची बाळंतीण. आपल्याकडे सव्वा महिना बाजेवरून उठू देत नाहीत, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला फडकं, आणि ही दोन महिने व्हायच्या आत पोराला पाठीशी बांधून प्रवाहाच्या उलट दिशेने जाणाऱ्या नावेत बसली. मे महिन्यात वादळी वाऱ्याने नाव कलंडली तेव्हा सुकाणूवर बसलेला शार्बोनो देवाचा धावा करत होता आणि ती पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू एकेक करून गोळा करत होती. लुईसने हे मात्र मोकळ्या मनाने लिहिलंय की नावेतल्या कुणाही माणसाइतकाच धीर आणि निश्चय तिच्यात होता. म्हणजे धीर दिसला त्याला. धीर बघायला दुभाषी लागत नाही.

मला माझी आजी आठवते इथे. तिला लिहिता येत नव्हतं. मी तिसरी-चौथीत असल्यापासून तिची पत्रं मी लिहायचे, निळी अंतर्देशीय, तिच्या भावाला, मामाआजोबांना. दुपारी ओट्याचं आवरून झालं की ती पदराला हात पुसत चटईवर बसायची आणि सांगायला लागायची, भराभर, गुडघ्याचं, विहिरीच्या पाण्याचं, मोठ्या काकांनी बोललेलं, कुणी काय टोचून बोललं ते, आणि मी लिहायला पेन टेकवलं की म्हणायची, ते नको लिहूस गं. काय लिहू मग? लिही, इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी. दरवेळी. त्या पत्राची अर्धी घडी कोरी जायची. मामाआजोबांकडे ती सगळी पत्रं असतील तर त्यांच्या नातवंडांना वाटत असेल, आत्याआजी किती सुखात होती. आणि अक्षर माझं.

साकागावियाला पण भाऊ होता, आणि हा भाग मी किती वेळा वाचलाय मोजलं नाही. १७ ऑगस्ट १८०५. क्लार्कच्या तुकडीबरोबर ती चालत होती, पुढे शोशोनी घोड्यांवरून येताना दिसले आणि ती नाचायलाच लागली आणि बोटं चोखून खूण करू लागली, म्हणजे ही माझी माणसं, यांच्यात मी वाढले. तळावर पोचल्यावर गर्दीतून एक बाई धावत आली, दोघींनी एकमेकींना मिठी मारली. ही बाई तिच्याबरोबरच पकडली गेली होती आणि पळून परत आली होती. मग बोलणीला बसायचं म्हणून तिला आत बोलावलं, ती बसली, तोंड उघडलं, आणि समोरच्या सरदाराकडे नजर गेली. कामीआवेट. तिचा भाऊ. ती उठली, धावत गेली, स्वतःच्या अंगावरचं पांघरूण त्याच्यावर टाकलं आणि रडली. १८१४ साली छापलेल्या वृत्तांतात पुढे लिहिलंय की ती परत जाग्यावर येऊन बसली आणि भाषांतर करायचा प्रयत्न करू लागली, पण रडू सारखं मधे येत होतं.

परत जाग्यावर येऊन बसली.

मी कॉलवर एकदाच रडलेय, म्यूट करून, सहा सेकंद. एका माणसाला त्याच्या बायकोचं सांगायचं होतं, डॉक्टरांनी सांगितलं ते मला मराठीत सांगायचं होतं. आमच्यात प्रथमपुरुषी बोलायचं असतं, डॉक्टर "मला वाईट वाटतं" म्हणाले तर मीही "मला वाईट वाटतं" असंच म्हणायचं, पेशंट "मला भीती वाटते" म्हणाला तर "मला भीती वाटते". दिवसभर मी, मी, मी, आणि त्यातला एकही मी आपला नाही. पण तिच्या बाबतीत त्या दिवशी दोन्ही तिचेच होते. भावाचं बोलणं ती पोचवत होती आणि आई-वडील, बहिणी कोण उरलंय हेही तिथेच कळत होतं. जवळपास सगळे गेले होते, दोन भाऊ आणि मोठ्या बहिणीचा एक पोरका मुलगा उरला होता, त्या मुलाला तिने तिथल्या तिथे आपलं म्हटलं. लहानपणी ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं तो माणूसही भेटला, तिच्या दुपटीहून मोठा, आणि म्हणाला की हिला दुसऱ्याचं मूल झालंय, मला नको. एवढं सगळं, आणि मधे घोड्यांचा भाव.

पुढे आठवडाभरात आणखी एक झालं, आणि खरं सांगायचं तर ते मला अजून सोडवता येत नाही. शोशोनी उपाशी होते. कंदमुळं, बेरी, बाकी काही नाही, आणि गव्यांच्या शिकारीला जायची वेळ आलेली. कामीआवेटने निरोप पाठवला की उद्याच सगळे शिकारीला निघू, म्हणजे पलटण सामानासकट डोंगरात अडकणार. हे तिला कळलं आणि तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने ते दुपारपर्यंत सहज बोलता बोलता लुईसच्या कानावर घातलं, लुईस भडकला, सरदारांना बोलावून दिलेला शब्द आठवून दिला, आणि कामीआवेट गप्प राहून मग म्हणाला की चुकलं, माझी माणसं भुकेली आहेत ते बघवत नव्हतं. पलटणीत खुणांची भाषा येणारा एक जण होता हे खरं, पण शोशोनी बोलणारी तीच. पाच वर्षांनी भेटलेला भाऊ आणि त्याची उपाशी माणसं एकीकडे. दुसरीकडे ज्यांच्याबरोबर आलो ते. तिने का सांगितलं? काही लोक म्हणतात निष्ठा. मला तो शब्द फार सोपा वाटतो. सासरचं माहेरी सांगायचं नाही आणि माहेरचं सासरी, हे आपल्या बायकांना ज्या वयात शिकवतात त्याच वयाची होती ती, आणि तिला तर दोन्हीकडचं सांगायचंच काम दिलेलं. चार-पाच दिवसांत ती घोड्यांबरोबर पुन्हा निघाली, पश्चिमेला. माहेर किती दिवसांचं, तर दोन आठवडेही नाही.

तिचं स्वतःचं म्हणणं, म्हणजे कुणाचं भाषांतर नाही, तिला काय हवंय ते, माझ्या माहितीत कागदावर नीट असं एकदाच उतरलंय. ६ जानेवारी १८०६. पलटण पॅसिफिकजवळ फोर्ट क्लॅट्सपला येऊन महिना होऊन गेला होता, पाऊस, चिखल, कुजलेलं एल्कचं मांस. किनाऱ्यावर मोठा देवमासा लागल्याची बातमी आली, क्लार्क माणसं घेऊन चरबी आणायला निघाला. आणि ती म्हणाली, मी एवढ्या लांबून मोठं पाणी बघायला तुमच्याबरोबर आले, आता तो अजस्र मासाही बघायला मिळतोय, आणि मला दोन्ही बघू देणार नसाल तर हे फार कठीण आहे. समुद्र तोपर्यंत तिने बघितलाच नव्हता! काही मैलांवर असून. नेली मग तिला, पोरासकट.

मागच्या शनिवारी मी नवऱ्याला म्हटलं मला कॅनन बीचला जायचंय. दीड तासाचा रस्ता, पाऊस बारीक. तो देवमासा याच भागात लागला होता, इथल्या ओढ्याला क्लार्कने तिथल्या लोकांच्या भाषेतला देवमाशाचा शब्दच नाव म्हणून दिला, इकोला. मी रत्नागिरीची, समुद्र मला नवा नाही, पण हा आपला समुद्र नाही, राखाडी, गार, पायाला पाणी लागलं की हाडं दुखतात, वाळू इतकी ओली आणि घट्ट की पाऊल उमटतं आणि लगेच पुसतं. खूप वेळ उभी राहिले. ते लोक पोचले तेव्हा टिलामूक लोकांनी मासा सोलून चरबी उकळायला घेतली होती, क्लार्कला सांगाडा मिळाला, त्याने मोजला, १०५ फूट. तीनशेएक पौंड चरबी आणि थोडं तेल विकत घेतलं. सगळी मोजमापं आहेत. ती तिथे उभी राहून काय म्हणाली ते नाही. एवढा हट्ट करून आलेली बाई हाडांसमोर उभी आहे, पाठीवर अकरा महिन्यांचं पोर, समोर पहिल्यांदा समुद्र, आणि तिला कुणी विचारलं नाही की कसं वाटतंय. किंवा विचारलं असेल आणि ती म्हणाली असेल, बरं आहे.

नंतरचं थोडक्यात. ऑगस्ट १८०६ मधे पलटण परत नाइफ नदीच्या गावांत आली, शार्बोनोला ५०० डॉलर ३३ सेंट मिळाले, तिला काही नाही. तीनच दिवसांनी क्लार्कने शार्बोनोला पत्र लिहिलं की तुझ्या बायकोला आम्ही देऊ शकलो त्याहून जास्त मिळायला हवं होतं. पत्र शार्बोनोला. २० डिसेंबर १८१२ ला साउथ डकोटातल्या फोर्ट मॅन्युएलमधल्या कारकुनाने लिहिलंय की शार्बोनोची बायको तापाने गेली, गढीतली सगळ्यात चांगली बाई, वय सुमारे २५, मागे एक छान तान्ही मुलगी. नाव नाही लिहिलं. वायोमिंगमधले शोशोनी मात्र सांगतात की ती तेव्हा गेलीच नाही, आपल्या माणसांत परत आली आणि १८८४ पर्यंत जगली. मला त्यांचं खरं असावं असं वाटतं, पुरावा कुठे झुकतो ते माहीत असूनही वाटतं. तिचे लेम्ही शोशोनी त्यांच्या खोऱ्यातून १९०७ साली फोर्ट हॉलच्या राखीव वस्तीत हलवले गेले. आणि नॉर्थ डकोटात धरण बांधून हिदात्सा, मँडन, अरिकारा लोकांची नदीकाठची गावं आणि दीड लाख एकर जमीन बुडवली, त्या पाण्याला तिचं नाव दिलंय. डॉलरच्या सोनेरी नाण्यावर ती आहे, खांद्यावरून मागे वळून आपल्याकडे बघणारी. परवा पार्किंगच्या मशीनमधून सुट्ट्यात एक आलं, ते मी हेडसेटशेजारी ठेवलंय.

काल परत एक कॉल आला. वेगळ्या काकू, वेगळा दवाखाना, फॉलोअप. डॉक्टरांनी विचारलं एकूण कसं चाललंय. काकू म्हणाल्या, "बरं आहे." तोच खाली जाणारा आवाज. आमच्याकडे एक सोय असते, अर्थ स्पष्ट नसेल तर दुभाषी परवानगी मागून विचारू शकतो. मी इतक्या वर्षांत ती औषधाच्या नावासाठी वापरली, गावाकडच्या एखाद्या शब्दासाठी वापरली, "बरं"साठी कधी नाही. काल मागितली. डॉक्टर हो म्हणाले. मी म्हटलं, काकू, बरं म्हणजे कसं? त्या इतका वेळ गप्प राहिल्या की मला वाटलं कॉल कट झाला. मग म्हणाल्या, "इथं रात्री कुत्रंसुद्धा भुंकत नाही हो. मी आपली जागी असते, वाट बघत, कुठंतरी भुंकेल म्हणून."

मी ते जसंच्या तसं सांगितलं, मी म्हणूनच. पलीकडचं टायपिंग थांबलं.